पाव मिलिमीटर

१

साडेनऊला करिष्माला खिमट भरवते, पाळण्यात टाकते, दोरीला चार हिसके देते आणि मधला पडदा सारून दुकानात मोजायला बसते. आरमोरीहून ब्रह्मपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. पुढे मशीन, मागे आम्ही. नवरा, आदेश, इंजिनांचे क्रँक घासतो आणि मी ते मोजते. बी.एस्सी. फिजिक्स झाले तेव्हा माहेरच्यांना वाटलं होतं, पोरगी कॉलेजात शिकवेल. झाले मायक्रोमीटरवाली.

काम सोपं आहे. पिस्टनचा दांडा क्रँकच्या ज्या गोल भागाला धरतो, त्याला पिन म्हणतात. पिन चालून चालून झिजते, अंडाकृती होते. मग ती दगडावर घासून पुन्हा गोल करायची. घासली की ती बारीक होते, म्हणून तिच्याभोवती बसणाऱ्या बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या तेवढ्या जाड घ्यायच्या. आधी स्टँडर्ड, मग दहा, वीस, तीस, चाळीस. दर पायरीला पिन पाव मिलिमीटरने बारीक. चाळीसच्या पुढे क्रँक भंगारात. याला आमच्याकडे साइज उतरवणं म्हणतात.

उतरलेली साइज परत चढत नाही. मला खात्रीच्या गोष्टी फार नाहीत. गॅस बंद केला का ते मी तीनदा बघते. करिष्मा शांत झोपली की तिच्या नाकाशी बोट धरते, आणि श्वास लागला तरी तो तिचाच की पंख्याचा, यावर विचार करते. पण लोखंड वाढत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

२

दिवाळी झाली, नवा धान निघाला आणि गिरण्यांची इंजिनं दुकानात यायला लागली. त्यांतच श्रीहरीभाऊ आले. वैरागडच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. तिथे त्यांची धान कांडायची छोटी गिरणी. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. मोटरसायकलच्या मागे पोत्यात गुंडाळून क्रँक आणला होता. एका सिलिंडरचं इंजिन, म्हणजे पिन एकच.

मोजली. मूळची चोपन्न मिलिमीटरची पिन, आधी एकदा दहाला उतरवलेली, आता खूप झिजलेली. "वीसला न्यावी लागेल भाऊ," मी म्हटलं.

"न्या ना जी."

आदेशने घासली. मशीनवर मोजायचं कामही माझंच, कारण आदेशला जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावायची त्याला लाज वाटते. शेवटी त्रेपन्न पूर्णांक पन्नास आलं. बरोब्बर वीस.

प्रत्येक क्रँकला आम्ही नावाची चिंधी बांधतो. त्या दिवशी चिंध्या संपल्या होत्या. पाळण्याखाली करिष्माचं पिवळं झबलं पडलं होतं, तिला केव्हाच तंग झालेलं. मी त्याची पट्टी फाडली, 'श्रीहरी' लिहिलं आणि बांधली.

श्रीहरीभाऊंनी ती पट्टी दोन बोटांत धरून पाहिली. "लेकराचं फडकं होय ना हे?"

"जुनं आहे भाऊ. धुतलेलं आहे."

"पोरगी का पोरगा?"

"मुलगी."

"नाव का ठेवलं?"

मी सांगितलं. नाव सांगायला काय जातं? त्यांनी मान हलवली आणि आणलेलं पोतं तिथेच सोडून क्रँक खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळला. आदेश मला नंतर म्हणाला, "पाहून घे. गिऱ्हाईक असं पायजे. लोक नवीन बायकोले एवढं जपत नाई."

३

तीन आठवड्यांनी ते परत आले. इंजिन जाम झालं होतं.

"पंधरा दिवस मस्त चाललं जी. मंग आवळून आलं. हँडल मारलं तं हलेच नाई."

मी पिन डिझेलने पुसली, मायक्रोमीटरचं शून्य तपासलं, मोजली. पुन्हा मोजली. आडवी, उभी, दोन्ही टोकांना. त्रेपन्न पूर्णांक पंचाहत्तर. वीसची नव्हे, दहाची साइज. वाट्या वीसच्या, पिन दहाची. आवळणारच.

श्रीहरीभाऊ चहा प्यायला गेल्यावर आदेश म्हणाला, "चुकली असन तू. होते."

"पाव मिलिमीटर कशी चुकेन मी?"

"झोप होते का तुही? पोरगी जागवते, तू दिवसभर पेंगत राह्यते."

"ऐका. नवशिक्याची चूक एकच असते. मायक्रोमीटरच्या ड्रमचा एक फेरा चुकतो आणि अर्धा मिलिमीटर फरक पडतो. पाव चुकायचं तर अर्ध्याच फेऱ्याने चुकावं लागेल, आणि तिथे आकडा समोर लिहिलेला असतो."

"मंग का झालं? लोखंडाले बाळसं आलं?" तो हसला.

मलाही हसू आलं. पण मग मी विचारलं, "मी चुकले असते तर ते वीसच्या वाट्यांत पहिल्याच दिवशी बसलं नसतं. पंधरा दिवस चाललं कसं?"

त्याने रेडिओचा आवाज वाढवला. मला मात्र त्याचं झोपेचं म्हणणं आतून पटत होतं. मला माझ्याविरुद्ध कोणाचंही पटतं.

त्याच गुरुवारी अंगणवाडीत वजनं होती. सेविका रीताताईंनी करिष्माला झोळीत घालून काट्याला लटकवलं. काटा थांबेपर्यंत मी श्वास धरला होता. मागच्या महिन्यात ती पावणेआठ किलो होती. आता साडेसात.

"पोरगी उतरली हो रंजीता," रीताताई म्हणाल्या. "दात येऊन राह्यले का? खाते ना?"

खाते म्हटलं. पाजतेही अजून. सगळं करते.

घरी येताना तो शब्द डोक्यात घुमत राहिला. पोरगी उतरली. पाव किलोने. मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. खरं सांगायचं तर जोडल्या, आणि स्वतःचीच लाज वाटून लगेच तोडल्या. वजनाचा आणि जाडीचा पाव एक नसतो. हे मी सातवीच्या मुलांना शिकवू शकले असते.

४

क्रँक अजून दुकानातच होता. माझा संशय आता श्रीहरीभाऊंवर गेला. ते दुसराच क्रँक आणून आपल्याला फसवताहेत, किंवा कुठल्यातरी वेल्डरकडून पिन भरून घेताहेत. भरलेली पिन ओळखू येते. तापून निळी पडते, कडेला शिवण दिसते. मी भिंगाखाली पाहिली. शिवण नव्हती. एकसारखी, गुळगुळीत, नवजात.

नवजात हा शब्द माझ्या डोक्यात का आला, मला माहीत नाही.

आदेशने ती परत वीसला उतरवली. या वेळी मी त्याला म्हटलं, "चष्मा लावा आणि तुम्ही वाचा."

"काऊन?"

"लावा म्हटलं ना."

त्याने इकडेतिकडे पाहून चष्मा लावला, वाचलं. त्रेपन्न पन्नास. "झालं समाधान मॅडम?"

मग तो जेवायला गेल्यावर मी क्रँकच्या बाजूला, जिथे काही घासलं जात नाही तिथे, टोकदार लोखंडी पंचाने तीन ठिपके ठोकले. जवळजवळ, खोल. आता बदलून दाखवा.

श्रीहरीभाऊ घ्यायला आले तेव्हा खिशातून पिवळी पट्टी काढली. धुतलेली, घडी घातलेली. तिला तेलाचा एक डाग नव्हता. स्वतःच्या हाताने क्रँकला बांधली.

"अजून सांभाळून ठेवलीत?" मी म्हटलं.

"घरची म्हनते, तेच बांधा. दुसरं चालत नाई तिले."

'तिले' म्हणजे बायकोला, असं मी धरून चालले.

५

पुढचा महिना मी करिष्माच्या मागे होते. नाचणी, अंडं, तूप. गडचिरोलीला डॉक्टरांना दाखवलं. रक्त बरं, लघवी बरी, पोट बरं. ते म्हणाले, आई फार काळजी करते का? आदेशने इतक्या जोरात मान हलवली की डॉक्टर हसले. करिष्मा खायची, हसायची, रांगायची. फक्त मनगटातली काळी मणगटी कोपरापर्यंत जायला लागली. आणि रडणं कमी झालं. लोक म्हणायचे, गुणाची पोर. मला ते रडणं हवं होतं.

गुरुवारी काटा सातवर थांबला. रीताताईंनी कार्डावरची रेघ खाली ओढली आणि मला पाणी दिलं.

शुक्रवारी अकरा वाजता बायनाबाई आल्या. श्रीहरीभाऊंची बायको. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बसमधून उतरल्या त्या क्रँक कडेवर घेऊन. बारा-तेरा किलोचं लोखंड, नऊवारीच्या पदराखाली, एका हाताने खालून आधार दिलेला. आदेश घ्यायला पुढे झाला तर म्हणाल्या, "राहू द्या जी, झोपली हाय," आणि मग स्वतःच हसल्या. आदेशही हसला. त्याला ती गंमत वाटली.

त्यांनी क्रँक बाकावर ठेवला तो असा, की जड टोक आधी टेकू नये. मग पिवळी पट्टी सोडून कमरेला खोचली.

"जाम झालं का पुन्हा?" मी विचारलं.

"जाम नाई होऊ देल्लं. आधीच काढलं. तंग होत होतं तिले." त्यांनी वीसच्या वाट्या कागदातून काढून दिल्या. "हे आता नाई होत. मोठ्या मापाचं द्या."

मी मोजलं. कोपर बाकावर टेकवून पुन्हा मोजलं. चोपन्न पूर्णांक शून्य. स्टँडर्ड. कारखान्यातून निघाल्यासारखी.

आदेशने वाचून घेतलं आणि तो चक्क खूश झाला. "पाह्य! पन्नास ते शून्य. अर्धा मिलिमीटर. एक फेरा! तूच म्हनत होती ना, नवशिक्याची चूक?" मग बायनाबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच, "नाई तं नवा क्रँक आनला असन त्यानं. आपल्याले का करायचं?"

"चष्मा लावून तुम्हीच वाचलं होतं. आणि मी ठिपके ठोकले आहेत."

"कुठी हायत?"

मी जागा दाखवली. त्याने बोट फिरवलं. "नाई दिसून राह्यले."

मी बोट फिरवलं. होते. तिन्ही होते, पण नखाएवढेही खोल नव्हते. कडा आत आल्या होत्या. कानात काही घातलं नाही की टोचलेलं भोक बुजतं, तसे ते बुजत होते.

६

स्टँडर्डच्या वाट्या दुकानात नव्हत्या. क्रँक वाकलाय का बघायला आदेशने तो मशीनवर चढवून ठेवला आणि ब्रह्मपुरीला वाट्या आणायला गेला. तास-दीड तासाचं काम.

बायनाबाई उंबऱ्याशी बसल्या. पडद्याआड पाळणा दिसत होता. त्या त्याच्याकडे एकदाही पाहत नव्हत्या. बाळ असलेल्या घरात येऊन पाळण्याकडे न पाहणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते.

"तुम्हाला लेकरं किती?" मी विचारलं.

"एकच जी."

"केवढं आहे?"

"भरून राह्यली आता. दिवाळीत तं काहीच नोती, हाडंच." त्या मशीनकडे बघत होत्या. "तीन गेले आमचे, पाळण्यातच. मंग इंजिनापाशीच झोपाची सवय लागली मले. गरम राह्यते तिथी."

मी म्हटलं, "ती पिवळी पट्टी मला परत द्या."

"काऊन?"

"माझ्या मुलीची आहे."

त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमीच तं देल्लं. नाव बी सांगितलं. देल्लेलं वापस मांगते का कोनी?"

"मग मी ही पिन उतरवणार," मी म्हटलं. आवाज माझाच होता. "वीसला नाही. चाळीसला."

बायनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, सासू पाहते तसं, पूर्ण. "तुमच्या पोरीले कोनी उतरवलं तं तुमाले चालन का?"

"तेच तर चाललंय," मी म्हटलं.

त्या उठल्या, पदर सारखा केला. "आदेशभाऊ आल्याशिवाय तुमी मशीन नाई लावत. मले माहीत हाय. तुमी भेता." मग चप्पल घालता घालता, "काजळ घेऊन येतो बाजारातून. लक्ष ठेवजा तिच्यावर."

७

भिते हे खरं होतं. तीन वर्षं मी ते मशीन पाहिलंय, लावलं कधी नव्हतं.

मी नीट विचार केला. माझ्याकडे दुसरं हत्यार नाही. पिनचा आणि करिष्माचा काही संबंध नसेल, तर घासून कोणाचं काही बिघडणार नाही. गिऱ्हाईक तेवढं चिडेल. संबंध असेल, तर प्रश्न असा की कोणत्या बाजूचा. पिन वाढली तेव्हा करिष्मा उतरली. पिन उतरवली तेव्हा करिष्मा भरली का? मला आठवेना. वजन महिन्यातून एकदाच होतं. मधल्या दिवसांचं माझ्याकडे काहीच मोजलेलं नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टी मोजत बसणाऱ्या बाईने नेमकं तेच मोजलं नव्हतं.

आणि एकीला कापलं की दुसरीही कापली जात असेल तर?

मी पडदा पूर्ण बाजूला केला, पाळणा दिसेल असा. करिष्मा झोपली होती. एक मूठ उघडी. मनगट माझ्या अंगठ्याएवढं.

बटण दाबलं. दगड फिरायला लागला, मग क्रँक. दगड गार ठेवणारं कूलंट सोडलं. ते दुधासारखं पांढरं असतं, कायमच असतं, त्यात काही विशेष नाही. हँडल हळूहळू पुढे नेलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग. आधी फक्त तेवढाच.

दगड टेकला. ओळखीचा कर्र आवाज आला. फिरणारी वस्तू आपल्याला स्थिर दिसत नाही, तिच्यावर सगळं पुसलं जातं. पण त्या पांढऱ्या पाण्याखाली, चकाकणाऱ्या पिनवर, एका जागी काहीतरी फिरत नव्हतं. बाकी सगळं फिरत होतं आणि ते तिथेच होतं, माझ्या बाजूला. मी नीट पाहिलं नाही. पाहू शकले असते. एवढंच सांगते की ते मिटलं, आणि उघडलं.

मग आवाज बदलला. दगड बोथट झाला की किंचाळतो, असं आदेश सांगतो. पण दगड त्याने कालच हिऱ्याने तासला होता. आवाज वर चढला, तुटला, थांबला, पुन्हा आला. मध्ये श्वास घेतल्यासारखा.

माझ्या छातीत दोन्ही बाजूंना कळ आली. गाउन समोरून ओला होत गेला, पोटापर्यंत. ज्यांनी पाजलं आहे त्यांना हे सांगायला नको. हे आपल्या हातात नसतं. बाळ रडलं की होतं. मला तरी बाळ रडल्याशिवाय कधी झालं नव्हतं.

मी पाळण्याकडे पाहिलं. करिष्मा गाढ झोपली होती. ओठ मिटलेले, मूठ तशीच उघडी.

दारात बायनाबाई उभ्या होत्या. बाजारात गेल्याच नव्हत्या, किंवा जाऊन आल्या होत्या. हातात काहीच नव्हतं. त्या मशीनकडे बघत नव्हत्या, माझ्या ओल्या गाउनकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढी माया होती की मला रडू आलं.

"पान्हा फुटला ना जी तुमाले," त्या म्हणाल्या. "आता तं समजलं? द्या, मागं घ्या तो दगड. भुकेली हाय ते."

हँडल माझ्या मुठीत होतं. मागे की पुढे, हे ठरवायला मला फक्त एक गोष्ट हवी होती. माझ्या मुलीने रडायला हवं होतं. एकदा. नुसतं कुरकुरली असती तरी मी दगड मागे घेतला असता. मी वाट पाहिली. दगड किंचाळत होता, दूध गळत होतं, आणि पाळण्यातून काही आलं नाही.

मी हँडल पुढे फिरवलं.